बिबडे वाळेपर्यंत

मागच्या रविवारी धाकटीने फोनवर विचारले, "आजी, गोष्ट लिहून झाली की मग काय करायचं?" तिच्या कॉलेजातल्या बाईंनी तिची गोष्ट परत दिली होती आणि 'पुन्हा लिही' एवढाच शेरा मारला होता. मी म्हणाले, आधी मोठ्याने वाचून बघ. त्याहून जास्त बोलता आले नाही, कारण तुमच्याकडे सकाळ होती आणि तिला बस पकडायची होती. म्हणून आता सावकाश लिहिते आहे. हे दोघींसाठीच आहे. मोठी लिहीत नसली तरी वाचते, आणि चुका काढण्यात माझ्यावर गेली आहे.

गोष्ट सुधारायची कशी याचे नियम मला सांगता येतील. कॉलेजात इतकी वर्षे इंग्रजी शिकवले, त्यात तेच केले. पण नियमांपेक्षा गेल्या उन्हाळ्यात आपल्या घरात काय झाले ते सांगणे सोपे आहे.

तुमची धुळ्याची काकू, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची सून, गोष्टी लिहिते हे तुम्हाला ठाऊक नसेल. आम्हालाही नव्हते. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताचे नमुने आणि रिपोर्ट, आणि जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने मोबाइलवर लिहिणे. त्यातली एक गोष्ट तिने धुळ्यातून निघणाऱ्या एका लहानशा दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचे उत्तर आले, गोष्ट घेऊ, पण बरीच कमी करा, शेवटाला धार आणा, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत पाठवा. तिची ही पहिलीच गोष्ट. एका रविवारी ती एस.टी.ने जळगावला आली, पिशवीत गोष्टीची प्रिंट आणि तिच्या सासूने, म्हणजे माझ्या जावेने, पाठवलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन.

मी जेवणाचे टेबल पुसून घेतले, पेन्सिलीला टोक काढले आणि परिच्छेदांना क्रमांक घातले. तुमचे आजोबा म्हणायचे, हिला लग्नपत्रिका दिली तरी ही आधी त्यातल्या चुका बघेल.

"हे पहिलं पान कशाला आहे?" मी विचारले.

"वातावरण, मोठ्या आई."

"वातावरणात माणूस कुठाय? तुझी बाई दुसऱ्या पानावर घराबाहेर पडते. तोवर मी नुसतं ऊन बघत बसलेय. धुळ्याचं ऊन मला ठाऊक आहे गं."

ती हसली, पण पान सोडेना. "त्या पानाला मला महिना लागला."

"मग ते जपून ठेव. छापायला देऊ नको."

गोष्ट अशी होती. एक तरुण सून घरातल्या भांडणानंतर भर दुपारी बाहेर पडते. नरडाण्याच्या स्टेशनावर येते, गाडीत बसते, अमळनेरला उतरून माहेरी जाते. दारात आई उभी असते. आई तिला आत घेत नाही. मुलगी परत फिरते. एवढेच.

ही नायिका घरातून निघताना रडत होती, फलाटावर रडत होती, गाडीत रडत होती आणि दारातही रडत होती. मी म्हटले, एवढी रडली तर दारापर्यंत पोचताना डोळ्यांत पाणी उरायचे नाही. काकूने फलाटावरचे आणि गाडीतले रडणे काढले, आणि दारातले आपोआप जड झाले. 'अचानक' हा शब्द जागोजागी होता, तो सगळीकडून गेला. सगळी माणसे पुस्तकी मराठी बोलत होती. मी सुचवले की निदान आईला तरी तिच्या भाषेत बोलू दे, वाचणाऱ्याला दोन शब्द अडले तरी चालतील.

माझे सगळेच तिने ऐकले असे नाही. फलाटावर कोणी एक बाई शेंगा सोलून खात होती. तिचे गोष्टीत काही काम नव्हते, म्हणून मी त्या ओळींवर रेघ मारली.

"ती राहू द्या," काकू म्हणाली. "तिला बघून हिला भूक लागते."

"मग?"

"मग काही नाही. एवढी भांडून निघालीय, आणि भूक लागते."

मी खोडरबर घेतला आणि माझी रेघ पुसली.

राहिला शेवट. तिच्या मूळ गोष्टीत आई दारात उभी राहून पुष्कळ बोलत होती. मी म्हटले, तिला काहीच बोलू देऊ नको. मुलगी अंगणात उभी आहे, आई तिच्याकडे बघते, आत जाते, आणि कडी लागल्याचा आवाज येतो. संपले. काकूने तसे लिहून मला वाचून दाखवले. शेवट चांगला झाला होता. आजही मला तसेच वाटते.

मी चहा ठेवला. तिने कप हातात घेतला, पण प्यायली नाही.

"मोठ्या आई, ही आईंची गोष्ट आहे."

मला आधी कळलेच नाही. मग तिने सांगितले. एकदा मेथी निवडताना माझी जाऊ तिला सहज म्हणाली होती, "मीपण एकदा घर सोडून गेलते. माहेरी गेले, मग आले परत." एवढे बोलून ती मेथीच्या काड्या गोळा करून उठून गेली. पुढे काही विचारायची काकूची हिंमत झाली नाही. बाकीचे सगळे तिने मनाने रचले. कोणाला ओळखू येऊ नये म्हणून एस.टी.ची रेल्वे केली, धुळ्याचे नरडाणे केले, आणि भडगावच्या माहेराचे अमळनेर केले.

मी या घरात काकूच्या कितीतरी आधी आले. नोकरीमुळे आम्ही जळगावला राहिलो, पण सणवार सगळे धुळ्यात. तरी जाऊ कधी घर सोडून गेली होती हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"छापून आली की अंक कॉलनीत येणारच," काकू म्हणाली. "आई भांडणार नाहीत. पण मग मला कधी काही सांगणारही नाहीत. आणि नाही छापली, तर..." छापून येणारी पहिलीच गोष्ट हातची जाणार होती.

"पाठवायच्या आधी तिला वाचून दाखव," मी म्हणाले. "मी येते तेव्हा. बिबड्यांना मला यायचंच आहे."

बिबडे तुम्ही खाता, पण होताना पाहिलेले नाहीत. भिजवलेल्या ज्वारीचे पीठ पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवतात. लसूण, मिरची, जिरे, तीळ घालून ते घट्ट होत आले की त्याला घाटा म्हणतात. घाटा गरम असतानाच गच्चीवर ओल्या कापडावर हाताने पातळ थापायचा, की झाले बिबडे. मग उन्हात वाळवायचे. थांबायला वेळ नसतो. घाटा निवला की थापताना कडा चिरतात. हे एकटीचे काम नाही, म्हणून आपल्याकडे लेकी उन्हाळ्यात बिबड्यांना माहेरी जातात आणि येताना त्यांचा वाटा गाठोड्यात बांधून आणतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

धुळ्याच्या गच्चीवर आम्ही तिघीच होतो. काकूने प्रिंट काढली आणि म्हणाली, "आई, मी एक गोष्ट लिहिलीय. वाचू?"

"वाच की," जाऊ म्हणाली. "नाहीतरी तू थापते ते बिबडे का धिरडी, कळत नाही. आम्ही दोघी थापतो. तू बसून वाच."

काकू सावलीत बसून वाचू लागली. पहिले पान गेल्यामुळे बाई पहिल्याच वाक्यात उंबऱ्याबाहेर पडली. जाऊ पाण्यात हात बुडवत होती, घाट्याचा गोळा घेत होती, थापत होती. मान खाली. बाई नरडाण्याच्या फलाटावर आली.

"नरडाण्याहून कुठं?" जाऊ मान वर न करता म्हणाली. "मी तर एस.टी.नं गेले होते."

काकू थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. मी बिबड्याकडे पाहिले.

"थांबली का? वाच ना."

काकू पुढे वाचू लागली. शेंगा खाणारी बाई आली तेव्हा जाऊ चक्क हसली. "हे तुला कोणी सांगितलं?" मग माझ्याकडे वळून, "अक्का, खरंच इतकी भूक लागली होती मला. स्टँडवर एक जण जिलबी खात होता, त्याच्याकडं बघत बसले मी." मला वाटले, सुटलो. माझ्या डोळ्यांसमोर अंकही आला.

मग शेवट आला. अंगण, आईची नजर, आणि कडीचा आवाज.

जावेचा हात कापडावर तसाच राहिला.

"ही कोण?" तिने विचारले.

"कोण, आई?"

"ही दार लावणारी."

"तिची आई."

"म्हणजे माझी माय."

"आई, ही गोष्ट आहे," काकू म्हणाली. "गोष्टीत थोडं बदलावं लागतं."

"मग मला बदल ना! मला भांडखोर कर, वेडी कर, मी काही बोलणार नाही. पण ही बाई मीच आहे, ते कोणीपण ओळखेल. मग ही दार लावणारी माझी मायच झाली की नाही? तिनं कधी लावलं गं दार?"

मी मध्ये पडले. "अगं, वाचणाऱ्यांना कुठं ठाऊक तुझं माहेर?"

"अक्का, भडगावला अंक जात नाहीत का? माझा भाऊ वाचत नाही का? माय जाऊन इतकी वर्षं झाली. आता तिच्या नावानं असं छापायचं?"

काकूने कागद मांडीवर पालथे ठेवले. "मग तेव्हा काय झालं होतं?" तिने हळूच विचारले. मेथी निवडताना जे विचारायचे राहिले होते, तेच.

आणि जावेने सांगितले. ओले हात तसेच गुडघ्यांवर ठेवून.

भांडणाचे कारण तिने सांगितले नाही. "कारण काय, रोजचंच. त्या दिवशी जास्त झालं," एवढेच म्हणाली. रात्र तिने पारोळ्याच्या एका मैत्रिणीकडे काढली आणि सकाळी पहिल्या गाडीने माहेरी पोचली. हातात पिशवीसुद्धा नव्हती. अंगणात तिच्या आईने बिबड्यांचा घाट घातला होता, आळीतल्या बायका थापायला बसल्या होत्या. लेक अशी मोकळ्या हाताने, सुजलेल्या डोळ्यांनी आलेली आईने पाहिली. तिने एकदाच वरपासून खालपर्यंत बघितले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऊनी का? इतला उशीर कसाले? हात धोय अन् बस, घाटा थंडा व्हई राह्यना."

आलीस का, इतका उशीर का, हात धू आणि बस, घाटा निवतोय; म्हणजे जणू तिला बिबड्यांसाठी बोलावलेच होते, आणि ती उशिरा आली होती. बायकांनी सरकून जागा केली. जाऊ बसली आणि थापू लागली. त्या दिवशी कोणी काही विचारले नाही, आईनेही नाही. बिबडे वाळेपर्यंत ती तिथे राहिली. वाळले, तेव्हा आईने त्यांचे एक गाठोडे बांधून दाराशी ठेवले आणि म्हणाली, "जाशी ते हाई लई जाय. नही जाशी ते आठेच खाऊत."

तुम्हाला अहिराणी कळणार नाही, म्हणून सांगते: जाणार असशील तर हे घेऊन जा, नाही गेलीस तर इथेच खाऊ. जा म्हणाली नाही आणि राहा म्हणाली नाही.

"मग मीच उठले," जाऊ म्हणाली. "गाठोडं घेऊन धुळ्याला उतरले. आळीतल्या म्हणाल्या, आली का बिबड्यांहून? सासूबाई म्हणाल्या, सांगून जायचं ना. झालं. कोणाला काही कळलंच नाही."

"आणि त्यातले बिबडे आम्हाला जळगावला आले होते," मी म्हणाले. ते मला त्याच क्षणी आठवले. तिच्या माहेरचे बिबडे नेहमीपेक्षा पातळ आणि तिखट असायचे. त्या वर्षीचेही मी भाजून, वरून तेल घालून खाल्ले असणार. आमच्या सासूबाईंना खरे कळले होते की नाही, कोण जाणे. त्यांना बरेच काही कळायचे आणि त्यातले फार थोडे त्या बोलायच्या.

"घाटा!" जाऊ एकदम ओरडली.

आम्ही तिघी पातेल्याकडे धावलो. घाटा निवून घट्ट झाला होता. गरम पाण्याचा हात लावून पाहिला, पण बिबड्यांच्या कडा चिरल्याच. "आता बघ," जाऊ सुनेला म्हणाली, "तुझ्या गोष्टीपायी अर्धं पातेलं गेलं. छापून आली तर येऊ दे, पण हे चिरलेले तूच खायचे."

काकूने कागद उलटा केला. "आई, हे सगळं लिहू का? बिबड्यांचं?"

जाऊ बराच वेळ थापत राहिली. "लिही," ती म्हणाली. "पण माय जे बोलली तेच लिही. तुझं घालू नको."

खरे काम त्यानंतर सुरू झाले, आणि धाकटे, मला तुला सांगायचे आहे ते इथे आहे. काकूने नवा शेवट लिहून संपादकांना पाठवला, आणि आधी कडीचा शेवट कसा होता व तो का बदलला तेही सोबत कळवले. त्यांचा फोन आला तेव्हा मी अजून धुळ्यातच होते.

"अहो ताई, आधीचा शेवट बाणासारखा होता," ते म्हणाले. "आता शेवटी बायका नुसत्या पापड वाळत घालतायत. संघर्ष गेला कुठे?"

"पापड नाहीत सर, बिबडे," काकू म्हणाली.

"बिबडे म्हणा. पण विचार करा. कडीचा शेवट असेल तर मी गोष्ट पहिल्या पानांत घेतो."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "तुम्ही काय म्हणता?"

मी तिला खरे तेच सांगितले. गोष्ट म्हणून कडीचा शेवट जास्त नेटका होता, संपादक चुकीचे बोलत नव्हते. एक वाट अजून होती. शेवट ठेवायचा आणि बाई बदलायची. तिला इतकी वेगळी करायची की जाऊसुद्धा तिला ओळखणार नाही, मग दार लावणारी आईही कोणाची राहणार नाही. काकूने तसेही करून पाहिले. नायिकेला शिक्षिका केले, मुंबईला नेले, शेंगा काढल्या, भूक काढली. मग मोठ्याने वाचले. दोन परिच्छेद वाचून तिनेच थांबवले. "ही कोण आहे, मलाच माहीत नाही," ती म्हणाली.

पुढचे तिने एकटीने ठरवले. नरडाणे आणि अमळनेर तसेच ठेवले, कारण जावेला आता त्याची गंमत वाटू लागली होती. शेंगा आणि भूक परत आल्या. शेवटी बिबडे. आईच्या तोंडी तिची दोनच वाक्ये, जशीच्या तशी. मग प्रश्न आला लांबीचा. बिबड्यांना जागा हवी होती आणि संपादकांना गोष्ट लहान हवी होती. म्हणून तिने भांडणाचा प्रसंग पुरता काढून टाकला. मला तो आवडत होता, मी तसे म्हणालेसुद्धा. ती म्हणाली, "कारण आईंनीही नाही सांगितलं. मग मी कशाला सांगू?" पत्रात तिने संपादकांना लिहिले की हीच गोष्ट आहे, घ्यायची असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या.

पाऊस आला, श्रावण गेला, तिकडून काही कळेना. काकू रोज फोन बघायची आणि तोंडाने म्हणायची, नाही आली तर नाही आली. दिवाळीच्या तोंडावर अंक आला. गोष्ट होती, पण अगदी मागच्या पानांत, बियाण्यांच्या जाहिरातीला लागून. काकूने फोटो पाठवला, त्यात गोष्टीपेक्षा कपाशीचे बोंडच मोठे दिसत होते.

जाऊ अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचते. तिने दोन दुपारी घेऊन गोष्ट वाचली, अंक पिशवीत घातला आणि भाऊबीजेला भडगावला घेऊन गेली. आम्ही सगळेच जरा काळजीत होतो. तिचा भाऊ रागीट नाही, पण मायचे नाव निघाले की हळवा होतो, आणि बहिणीच्या घर सोडण्याचे त्याला काहीच माहीत नव्हते.

परत आल्यावर तिने मला फोन केला. भावाने ओसरीवर बसून सगळ्यांना गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली म्हणे. मायची वाक्ये आली तेव्हा चष्मा काढून पुसला. वाचून झाल्यावर त्याने बहिणीला विचारले, "म्हणजे तू बिबडासाठे नही ऊनी व्हती?"

"नाही रे."

त्या दिवशी तो शाळकरी पोर होता, अंगणातच होता, आणि इतकी वर्षे त्याने बहीण बिबड्यांनाच आली होती असे धरले होते. मग अंक मिटून त्याने तक्रार केली, आणि ती फक्त एकच होती.

"मी बी तठेच व्हतू. वाटीमा घाटा लई खात बठेल व्हतू. माले कसाले नही लिखं?"

मीही तिथेच वाटीत घाटा घेऊन खात बसलो होतो, मला का नाही लिहिलं, ही तक्रार काकूपर्यंत पोचली आहे. गोष्ट कधी पुस्तकात आली तर घाटा खाणाऱ्या पोराला अंगणात बसवू, असे ती म्हणते. मी तिला सांगितले आहे की तो आत आला तर तिथले एखादे वाक्य बाहेर काढावे लागेल, नाहीतर अंगणात गर्दी होईल. कोणते काढायचे, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.